सत्तेचाळिसावा आठवडा, तहहयात

३ मार्च, रविवार. टेनेरिफ (स्पेन). सकाळी ११.
सुट्टीचा चौथा दिवस. ऊन उत्तम. चहा पाणचट.
समुद्रकाठच्या रस्त्यावर टोपी घातलेल्या एका मुलीने आम्हा दोघांना खरवडायची कार्डं दिली. म्युरिएलच्या कार्डावर काही नाही. माझ्या कार्डावर तीन तारे! मुलगी आनंदाने किंचाळली. म्हणाली, अख्ख्या मोसमात तीन तारे कुणाला लागले नव्हते. मला आजवर चर्चच्या जत्रेत साबणाची वडीसुद्धा लागलेली नाही. म्युरिएल म्हणाली, आपल्या पुढच्या जोडप्यातल्या गृहस्थालाही तीनच तारे लागले, तिने पाहिले. बायकोने नवऱ्याच्या नशिबावर असं पाणी ओतू नये.
बक्षीस उद्या दहा वाजता ‘क्लब मिराडोर’मध्ये मिळणार. त्याआधी थोडी माहिती ऐकायची. सुट्टीतली घरं विकतात म्हणे. एका फ्लॅटचा वर्षातला एक आठवडा आपला, आणि तोही तहहयात.
निश्चय: वीस मिनिटं ऐकायचं, बक्षीस घ्यायचं, निघायचं. ग्रिम्स्बीच्या मासळी बाजारात नगरपालिकेतर्फे एकतीस वर्षं वजनकाटे तपासले आहेत. मला कोण गंडवणार?

४ मार्च, सोमवार. संध्याकाळी ५.
वीस मिनिटांची पाच तास दहा मिनिटं झाली. त्याला कारणं आहेत.
कर्टिस नावाचा सेल्समन होता. वुल्व्हरहॅम्प्टनचा, म्हणजे आपलाच माणूस. पहिल्या मिनिटाला मला ‘डेस’ म्हणाला. मला डेस फक्त घरचे म्हणतात, बाकीचे मिस्टर ऑलरटन. पण त्याने चहा केला, आणि काय चहा केला! किटली ऊन करून घेतली, पानं मुरू दिली, दूध इंग्लंडचं. दुसऱ्याने एवढ्या आपुलकीने केलेला चहा अर्धा टाकून उठणं आपल्यात होत नाही. आणि कप रिकामा होत आला की तो भरायचा. सहाव्या कपानंतर टॉयलेटपर्यंत पोचायचा सभ्य मार्ग एकच उरला होता. सही केली. म्युरिएलनेही केली. परतीच्या बसमध्ये ती कराराची मागची पानं वाचत बसली.
आमचा आठवडा सत्तेचाळिसावा, म्हणजे नोव्हेंबरचा शेवट. तेवढा एकच शिल्लक होता. कर्टिस म्हणाला, खास माझ्यासाठीच राहिला असणार.
सही म्हणजे खरेदी नव्हे, हे इथे नोंदवून ठेवतो. कायद्याने विचाराला चौदा दिवस मिळतात. १८ तारखेच्या आत दोघांपैकी कुणीही रद्द केल्याचं पत्र टाकलं की विषय संपला. तोवर एक पेनी द्यायची नाही. म्हणजे मी त्यांचा सहा कप चहा फुकट प्यायलो. मग कोणी कोणाला गुंडाळलं?
पहिलं बक्षीस म्हणजे टॉवेल निघाला. जाड आहे.

५ मार्च, मंगळवार. विमानात.
म्युरिएलने एडनाचा विषय काढला. एडना तिची थोरली बहीण, न्यूझीलंडला असते. दोघींची एकोणीस वर्षांत भेट नाही. येत्या २ मे रोजी एडनाला ऐंशी पुरी होतात. म्युरिएलने विचारलं, “जाऊ या का रे डेस? दोघंही?” मी क्लबच्या पोहण्याच्या तलावाचा नकाशा बघत होतो. म्हटलं, बघू.
अडचण अशी की न्यूझीलंडसाठी बाजूला टाकलेले पैसे आणि क्लबच्या मेंबरशिपचे पैसे हे एकच पैसे आहेत. हे तिला शांतपणे समजावलं. न्यूझीलंड कुठे पळून जात नाही. कर्टिसचा भाव मात्र चौदाच दिवस आहे. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर नुसते ढग होते.

७ मार्च, गुरुवार. क्लीथॉर्प्स.
घरी. वारा, चिखल. नोव्हेंबरात इथे काय परिस्थिती असते, याचा विचार करता मेंबरशिपची बाजू भक्कम होते.
म्युरिएल सकाळी पत्र लिहीत बसली होती. सुट्टीहून आलं की हिची आभाराची पत्रं सुरू होतात. हॉटेलला, बसवाल्याला, एकदा तर विमानतळावर बॅग शोधून देणाऱ्याला. पाकिटावर क्लब मिराडोरचा इंग्लंडमधला पत्ता पाहिला. चहाबद्दल आभार मानत असणार. स्वतः चालत जाऊन पोस्टात रजिस्टर करून आली. आभार रजिस्टर करतात का कोणी? असो. बायकांच्या छोट्या समाधानांत मी पडत नाही.
शेजारचा बॅरी कुंपणावरून म्हणाला, “सही केलीस? अरे गाढवा!” त्याच्याकडे सासऱ्याकडून आलेला पोर्तुगालचा असाच एक आठवडा आहे. दर वर्षी देखभालीचं बिल येतं. फुकट देतो म्हणाला तरी कोणी घेईना. शेवटी त्याने पबच्या सोडतीत बक्षीस म्हणून लावला. ज्याला लागला त्याने दुसऱ्या दिवशी घरी आणून परत दिला.
बॅरीला व्यवहार कधीच जमला नाही. त्याचं मत धरायचं नाही.

९ मार्च, शनिवार. दुपारी ३.
आज प्रश्नाचा शास्त्रशुद्ध निकाल लावायला बसलो. निवृत्तीला ऑफिसने दिलेला पितळी तराजू माळ्यावरून काढला, पुसला, शून्यावर आणला. पद्धत अशी: प्रत्येक फायदा वेगळ्या कागदावर लिहून डाव्या पारड्यात, प्रत्येक तोटा उजव्या पारड्यात.
फायद्यांत माझे अकरा कागद आणि कंपनीचं माहितीपुस्तक. तोट्यांत तीन चिठ्ठ्या. डावं पारडं धाडकन खाली. माहितीपुस्तक चकचकीत जाड कागदाचं, चारशे दहा ग्रॅम भरतं. तो काही माझा दोष नाही.
म्युरिएल हात पुसत आली, बघत उभी राहिली. मग ड्रॉवरमधून एक पत्र काढून तिने उजव्या पारड्यात ठेवलं. एडनाचं, विमान टपालाच्या पातळ निळ्या कागदाचं. काटा हलला नाही. म्हणाली, “वाच तरी.” मी वजन केलं: सहा ग्रॅम. तशी नोंद घेतली. वाचल्याने वजन बदलत नाही, हे तिला सांगितलं.
ती म्हणाली, “एकतीस वर्षं मासे तोललेस डेस, चव कधी घेतलीस का?” याचा प्रस्तुत प्रश्नाशी संबंध काय, कळलं नाही.
निकाल: घ्यायचं.

११ मार्च, सोमवार.
खुशखबर! आपला आठवडा देऊन जगात कुठेही दुसरा घेता येतो. म्हणजे न्यूझीलंडसुद्धा! एका दगडात एडनाही झाली. मी हे सगळं मुळात म्युरिएलसाठीच करत होतो, हे आता माझ्याही लक्षात आलं.
दुपारी कंपनीला फोन. एकोणचाळीस मिनिटं गाणी ऐकली. मग एक बाई आल्या. न्यूझीलंडला चार वर्षं जागा नाही. शिवाय सत्तेचाळिसावा आठवडा कुणी फारसं मागत नाही. त्याच्या बदल्यात आत्ता एकच गोष्ट देता येईल: मेबलथॉर्पला चाकावरचं घर, समुद्र न दिसणाऱ्या बाजूला.
मेबलथॉर्प आमच्या घरापासून बसने तासावर. तिथे आम्ही बॅरीच्या चाकावरच्या घरात फुकट राहतो.
बाईंचे आभार मानले. म्युरिएलला यातलं काही सांगितलं नाही. तिला उगाच वाईट वाटेल.

१२ मार्च, मंगळवार.
निश्चय: रद्द! मन खंबीर. माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे.
रद्द करायचं पत्र लिहायला बसलो. पहिला खर्डा: ‘आम्हाला मेंबरशिप नको आहे.’ वाचून अंगावर काटा आला. असं पत्र आपण खाटकालासुद्धा लिहीत नाही. कर्टिसने पाच तास घालवले, इंग्लंडचं दूध खर्ची घातलं. त्याच्या तोंडावर असं दार आपटायचं? 
नऊ खर्डे झाले. शेवटचा अत्यंत स्पष्ट आणि तरी सभ्य उतरला: ‘आपल्या आदरातिथ्याने आम्ही दोघंही भारावून गेलो. असा चहा घराबाहेर आम्ही कधी प्यायलो नव्हतो. क्लब मिराडोर हे फारच रमणीय ठिकाण आहे यात शंका नाही, आणि सत्तेचाळिसावा आठवडा कुणालाही हेवा वाटावा असाच. आपली फार गैरसोय होणार नसेल, तर तूर्तास किंचित थांबावं की काय, अशा विचाराकडे आम्ही कदाचित थोडेसे झुकत आहोत. अर्थात आपण म्हणाल तसं.’
याहून ठणकावून काय सांगायचं?

१३ मार्च, बुधवार.
पत्र पोस्टात टाकलं. छाती दोन इंच फुगली. येताना बॅरीला सांगितलं, दिला दणका. बॅरी म्हणाला, बघू दे. मी तोंडपाठ म्हणून दाखवलं. तो बराच वेळ कुंपणाला धरून हसत होता. सभ्यपणा त्याच्या घरात नव्हताच.

१६ मार्च, शनिवार. सकाळी १०.
कर्टिसचा फोन! माझं पत्र त्याने ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे. बावीस वर्षांत इतकं मनापासूनचं पत्र त्यांना आलं नव्हतं. म्हणाला, “डेस, खरं सांगतो, मिसेसच्या पत्रानंतर आम्ही आशाच सोडली होती. फाईल बंद केली होती! आणि तुम्ही पुन्हा उघडलीत.”
म्युरिएलच्या आभारांनी त्यांची आशा का सुटावी, समजलं नाही. बहुधा तिने चहाबद्दल फारच थोडक्यात लिहिलं असणार.
त्याचा गैरसमज दूर करणं माझं कर्तव्य होतं. तसं मी तोंड उघडलंही. पण माणूस इतका खुशीत होता की मध्ये बोलणं बरं दिसेना. उलट, त्रासाबद्दल मीच माफी मागितली. तो म्हणाला, नवा फॉर्म पाठवतो, फक्त सही करा. मी म्हटलं, अवश्य.
सखोल विचार करता, हेच योग्य झालं. काही निर्णय माणूस घेत नाही, ते होतात.
निश्चय (अंतिम): घ्यायचं. सोमवारी जेवताना म्युरिएलला सांगायचं. ठामपणे.

१८ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.
सोमवार, म्हणून रविवारचं उरलेलं थंड मटण आणि लोणचं. 
सांगितलं. ठामपणे. चौदा दिवस सर्व बाजू तोलून, घरातला जबाबदार माणूस म्हणून मी अशा निर्णयाला आलो आहे, की.
म्युरिएलने बटाटा संपवला. मग ड्रॉवरमधून कंपनीचं पत्र काढून लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलं. ‘आपण ७ मार्च रोजी केलेल्या विनंतीनुसार करार रद्द झाला आहे.’ म्हणजे ते आभाराचं पत्र नव्हतं! विचारलं, काय लिहिलं होतंस? म्हणाली, “आम्हाला नको. चहाबद्दल आभार. म्युरिएल ऑलरटन.”
दोन वाक्यं! मला नऊ खर्डे लागले होते.
म्हटलं, ठीक आहे, कर्टिस नवा फॉर्म पाठवतोय, पैसे तर आहेतच. ती म्हणाली, पैसे नाहीत. आणि तिकीट दाखवलं. ऑकलंड. २० एप्रिलला जाणं, सात आठवडे. एकच तिकीट.
मी म्हटलं, मला विचारायचं तरी! आवाज चढला माझा. तिचा नाही चढला. म्हणाली, “विचारलं होतं की. विमानात. तू ‘बघू’ म्हणालास. त्या आठवड्यात तिकिटं स्वस्त होती, तीनच दिवस. ‘बघू’चं तिकीट कुणी देत नाही, डेस.”
मग उठून कस्टर्ड आणलं. कस्टर्ड चांगलं झालं होतं. अर्धं टाकून उठलो.

२० एप्रिल, शनिवार. दुपारी ४.
म्युरिएलला सकाळच्या बसवर बसवलं. बॅग मी उचलली, वजन केलं: साडेबावीस किलो, मर्यादेच्या आत. हे तिला सांगितलं. तिने माझी कॉलर सारखी केली. बस वळेपर्यंत हात हलवत होती. एकोणीस वर्षांनी बहीण भेटणार म्हणून पोरीसारखी दिसत होती. मी पण हात हलवला. नंतर बराच वेळ बसथांब्यावरच बसलो होतो. पाऊस नव्हता, काही नव्हतं.
घरी येऊन चहा केला. दोन कप झाले, सवयीने. दुसरा बॅरीला दिला. म्हणाला, कडू आहे.
तराजू माळ्यावर ठेवायला घेतला तर उजव्या पारड्यात एडनाचं पत्र तसंच. वाचलं. अर्धं पान बागेबद्दल. मग: ‘डेसला घेऊनच ये, त्याच्याशिवाय नको. इथल्या धक्क्यावरचा मासेवाला काट्यावर हमखास अंगठा ठेवतो, आणि बोलायची कुणाची छाती नाही. त्याला म्हणावं, एडनाला तुझी गरज आहे.’
चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. म्युरिएलची आठवण आली. गेल्याला सहा तासही झाले नव्हते.
निश्चय: सोमवारी नऊच्या ठोक्याला ट्रॅव्हल एजंटकडे. २ मेच्या आत पोचता येतं. माझे निवृत्तीचे थोडे पैसे आहेत. मासेवाल्यासाठी तपासणीची वजनं बरोबर न्यावी लागतील.
मात्र घाई उपयोगाची नाही. तिकीट महाग असणार, घर बंद ठेवावं लागेल, बॅरीच्या भरवशावर कुंड्या सोडायच्या. तराजू बाहेर आहेच. आधी दोन्ही बाजू नीट लिहून काढतो.
बघू.