गोळ्यांवर बिअर चालत नाही

२ मार्च, सोमवार. दुपार.
...आणि यादिराने उशाशी ठेवलेलं कंडोमचं पाकीट मी खिडकीतून खाली फेकलं. ते चेलोमावशीच्या टॅकोच्या तव्याशेजारी पडलं. मावशी ओरडली, "एफ्राइन, माझी गिऱ्हाइकं पळतील की रे!" पळू देत. कंडोम तिच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांसाठी. घरी नाही. तिहुआनात नवरा कोण हे यावरूनच कळतं. चार वर्षं तो मी आहे.

३ मार्च.
यादिराला संसर्ग निघाला. दवाखान्याने तिचं तपासणीचं कार्ड अडकवलं. कार्डाशिवाय हॉटेल तिला कामावर घेत नाही. मी म्हणालो, तिच्याकडे सॅन दिएगोहून येणाऱ्या त्या सुताराकडून आला असेल. ती म्हणाली, हॉटेलात सगळेच कंडोम वापरतात. न वापरणारा जगात एकच.
प्रेमाची याहून मोठी कबुली कोणती?
(रोसारितोच्या किनाऱ्यावर त्या दुसऱ्या बाईबरोबरची संध्याकाळ मोजायची नाही. एकदाच. शिवाय वारा फार होता.)

५ मार्च.
तिने माझ्याही गोळ्या आणल्या. दोघांनी एकदमच घ्यायच्या, नाहीतर तिला पुन्हा होणार. मी रक्तही तपासायचं. पण गोळ्यांवर बिअर चालत नाही, आणि बिअर आधीच उघडली होती. उद्यापासून नक्की.

७ मार्च.
दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. रांगेत सगळ्या बायका. परतलो. घरी सांगितलं, तपासलं, ठणठणीत आहे. तिने कागद मागितला. नवऱ्याकडे कागद? म्हणाली, "गिऱ्हाइकाकडे मागत नाही. त्याच्यावर भरवसाच नसतो." तिचा विचारांचा गोंधळ झालाय. औषधाचा परिणाम.

९ मार्च.
माझ्या गोळ्या तिला सापडल्या. सगळ्या. बुटात. ओरडली नाही. म्हणाली, "बूट तरी बरा होईल." मग म्हणाली, पुन्हा संसर्ग निघाला तर हॉटेलातलं काम कायमचं बंद. दोघांनी खायचं काय?
मी काम बघणारच आहे. महिना संपू दे.

११ मार्च.
बजावलं. विश्वास नसेल तर या घरात झोपणार नाही. ती म्हणाली, "बरं."
चुलतभावाच्या टायरच्या दुकानात पथारी टाकली. अंधार पडायच्या आत बोलवायला येईल. लगेच जायचं नाही. आधी दोनदा नाही म्हणायचं.

१२ मार्च.
कोणी आलं नाही. सकाळी दवाखान्यात गेलो. फेरतपासणीच्या रांगेत यादिरा पुढे होती. नर्सने तिला विचारलं, हा तुझा नवरा का? ती म्हणाली, कालपर्यंत होता. नर्सने मला बाही वर करायला सांगितलं.