कानातला

३ जाने., शनि.
लाईट नाही. गिरणी बंद. गिरणी चालू असली की कानातला आवाज दबतो, बंद झाली की सगळं डोकं त्याचंच. डाव्या बाजूला जास्त.
आईला म्हटलं आज फार वाजतंय. ती दळणाचे डबे लावता लावता, "शाळा नको होती तेव्हा कान. आता गिरणी नको म्हणून कान."
गिरणी नको कधी म्हटलं मी? नववीत बाईंचं बोलणं काही कळायचं नाही, भलतंच उत्तर द्यायचे, पोरी हसायच्या. म्हणून सोडली.
सोमवारी दवाखाना आहे. तिथे कळेलच.

५ जाने.
काचेच्या खोलीत बसवलं. हेडफोन, हातात बटण. मशीनवाले दादा म्हणाले, आवाज आला की दाबायचं. मला तर येतच होता. त्यांचा कुठला आणि कानातला कुठला? दाबत राहिले.
दादांनी दार उघडलं. "ताई, मी काही सोडलंच नाही, दाबताय काय?"
आईच बोलली, "असंच आहे तिचं. लक्ष नसतं."
तपासणी भरवशाची नाही, असं लिहून दिलं. पुढच्या सोमवारी परत या म्हणाले.
रिक्षात आईने तो कागद घडी करून पिशवीत कोंबला.

६ जाने.
आई म्हणते परत जायचं नाही. भोगीच्या आदल्या दिवशी कोण जातं, बाजरीची रांग लागते.
जायचं. मी खोटं दाबलं नव्हतं. हे मनातच म्हटलं. मनात म्हणून काय उपयोग.

१० जाने., शनि.
परत लाईट नाही. पप्पा गिरणीच्या दगडाला टाकी लावत होते. छिन्नीचा घाव बसला की मागे एक बारीक आवाज राहतो, मग विरतो.
तोच!!
"पप्पा, परत मारा."
"का गं?"
"कानात असाच वाजतो. शेवटचा बारीक. फक्त विरत नाही."
पप्पांनी परत मारला. कान देऊन ऐकला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून, "अगं, सोमवारी हिला घेऊन जा. रांगेचं मी बघतो."
आई भांडी आपटत होती. पण नाही म्हटली नाही.

१२ जाने.
बाकावर शेजारी मनमाडचे एक काका. रेल्वेतून रिटायर. त्यांच्या कानात इंजिन वाफ सोडतं. "बायको म्हणते, आता तरी गाडीतून उतरा." पलीकडच्या चाची म्हणाल्या माझा तर कुकर आहे, फुसफुसतो, पण शिट्टी काही होत नाही. सगळे हसले. मी पण. मग काका, "तुझं काय वाजतं, पोरी?" आई तोंड उघडणार, त्याआधी मीच सांगितलं. छिन्नी. दगड.
आत आज मॅडम होत्या. बसायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर राहिलं असतं. "माझ्या कानात आवाज असतोच. मागच्या वेळी तोच ऐकून दाबलं."
मॅडम म्हणाल्या, "अगं, मग तुला तुटक देते. टुक टुक टुक. तुटक आला तरच दाब." हे इतकं सोपं होतं!
डाव्या कानाला खरंच कमी ऐकू येतं.
मग मॅडमनी मशीनवर कानातला आवाज शोधला. "हा?" "नाही, वर." "हा?" "अजून बारीक." आणि एकदम आला. बाहेरून.
मॅडमनी हेडफोन आईच्या कानाला लावला. आई, "एवढासाच?" काढायला लागली.
"काढू नको." मी. आईला!
राहू दिला तिने. बऱ्याच वेळाने काढला.
"रात्री पण?"
"हो."
"आत्ता?"
"आत्ता पण."
रिक्षात आईने हात धरून ठेवला.
निघायच्या आधी विचारलं होतं, आवाज जाईल का. मॅडम म्हणाल्या, सांगता येत नाही. गिरणीत कान झाकायचे, महिन्याने या.

१५ जाने.
आई येईल त्या बाईला सांगतेय, "हिच्या कानात आवाज असतो, मी स्वतः ऐकला!" पिठाच्या पोत्यामागे लपावंसं वाटतं. एक काकू म्हणाल्या, कसला गं? आई माझ्याकडे बघायला लागली. रांग थांबलेली. सांगितलं. अर्धवटच, पण सांगितलं.
बाहेरून दहावीला बसायचंय, हे अजून कोणालाच माहीत नाही. आधी आईला सांगू की पप्पांना?