फळीवरची बाटली

श्री

कुंडल,
ता. १८ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. शालूस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा संक्रांतीचा तिळगूळ पोचला. पोचेपर्यंत त्याचा चुरा झाला होता. तुझ्या वहिनीनं तो चमच्यानं खाल्ला आणि म्हणाली, वन्संच्या हाताला गोडी हाय, पर पाकाला धीर न्हाई. पोरींचा अभ्यास कसा चाललाय ते लिहायला तू विसरलीस.

इकडची खबर चांगली नाही. द्राक्षं काढणीला आली आणि अवकाळी पाऊस पडला. मणी तडकले. मुंबईच्या दलालानं पेट्या खाली उतरवूनसुद्धा घेतल्या नाहीत. ट्रक तसाच परत आला आणि सगळा माल ओढ्याकाठी ओतला. तो आंबला, गावातल्या डुकरांनी खाल्ला आणि डुकरं झिंगून चावडीपुढं लोळली. गाव हसलं. मला मात्र त्यातच वाट दिसली.

तडकलेल्या मण्याची वाइन होते. पण आपल्या राज्याच्या दारूबंदी कायद्यानं वाइन आणि हातभट्टी एकाच दावणीला बांधल्यात. तेव्हा कुंडल, पलूस, तासगावकडच्या आम्ही बागाईतदारांनी मंडळ काढलंय आणि त्याचा अध्यक्ष मला केलंय. मागणी एकच. कायदा बदला, द्राक्षाची हलकी वाइन बंदीतून वगळा आणि ती साध्या किराणा दुकानात, तेल-साबणाच्या शेजारी विकू द्या. गुत्त्यात ठेवली की ती दारू होते, वाण्याकडं ठेवली की जिन्नस होतो.

मुंबईचे साहेब म्हणतात, पिकवणारे तर मागणारच, ठेवायला तयार असलेला दुकानदार दाखवा. मला आपले दाजी आठवले. खंडाळ्यात किराणा दुकान, वर पलटणीतले हवालदार. त्यांच्या शब्दाला वजन पडेल. तू त्यांच्याजवळ विषय काढ. तुझं ते मोडणार नाहीत.

सगळ्यांनी तब्येतीला जपा. माया आहे तशीच ठेव.

तुझा दादा,
हंबीरराव

&nbsp;

श्री

खंडाळा, जि. सातारा,
ता. १ मार्च १९७४

ति. दादास शालूचा नमस्कार. वहिनीच्या पाया पडते.

पाकाला धीर नसणं हे मी माहेराहून आणलंय, असं वहिनीला सांग. पोरी बऱ्या आहेत. थोरली गणितात पहिली आली, धाकटी भांडणात.

बागेचं वाचून जेवण गेलं नाही. स्वतःच्या हातानं वाढवलेला माल ओढ्यात ओतताना तुझं काय झालं असेल ते मला कळतं. कायद्यातलं कळत नाही. तू मागतोस ते बरोबरही असेल. पण ह्यांना त्यात घेऊ नकोस.

हे पलटणीतून आले तेव्हाचे दिवस तू बघितलेत. आधी कँटीनची रम, मग ती संपल्यावर मिळेल ते. दोन पोरी काखेत मारून मी कुंडलला आले होते. तूच ह्यांना पालीला नेलंस आणि खंडोबापुढं भंडारा उचलून शपथ घ्यायला लावलीस. त्या दिवसापासून थेंब नाही. दुकान उभं राहिलं ते त्यावर. लोकांना वाटतं, सुटली. दादा, ती सुटत नाही. ती रोज सकाळी नव्यानं सोडावी लागते, ते मी बघते.

इथं एस.टी. स्टँडजवळ देशी दारूचं सरकारमान्य दुकान झालंय. तेव्हापासून हे पोस्टात जाताना तालमीच्या मागून लांबच्या वाटेनं जातात. मी विचारलं तर म्हणाले, तिकडनं सावली हाय. त्या वाटेला एक झाड नाही.

परक्याच्या दुकानाला वळसा घालता येतो. आपल्याच दुकानातल्या फळीला कसा घालायचा? दिवसभर माणूस तिच्याकडं पाठ करून बसणार आणि गिऱ्हाईक मागेल तेव्हा स्वतःच्या हातानं काढून देणार. नाही दादा. दुसरा दुकानदार बघ. ह्यांना परभारे लिहूही नकोस, एवढं माझं ऐक.

बागेला नीट पालवी फुटू दे. आमच्यावर आहे ती माया तुटू देऊ नकोस.

तुझी,
शालू

&nbsp;

खंडाळा,
ता. ११ मार्च १९७४

हंबीरराव पाव्हण्यांस कृष्णात हवालदाराचा रामराम.

तुमचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं, ते बरं केलंसा. घरी आलं असतं तर तिनं आधी वाचलं असतं. मला लिवायची सवय न्हाई, चूकभूल माफ असावी.

तुमी लिवलंय की बायकूला भिऊन ऱ्हाऊ नका. तसं न्हाई. तिनं मला उभं केलं, हे मी देवाम्होरं बी सांगंन. पर उभं केल्यावर तिनं हात काय सोडला न्हाई. सांजचं दुकान बंद करून घरी गेलो की ती पाण्याचा तांब्या घिऊन जवळ येती. पाणी द्यायला येती का तोंडाचा वास घ्यायला, ते मला कळतं. तिला वाटतं, ह्यांला कळत न्हाई. मी पाणी पितो आन तांब्या परत देतो.

पलटणीत माझ्या हाताखाली तीस जवान हुते. हितं मी म्हंजी दारू सोडलेला कृष्णात. लोकं चांगला हाय म्हंत्यात, पर कशात इचारत कोण न्हाई. तुमी म्हणालासा, साहेबाम्होरं तुमचा शबुद लागतोय. लय वर्सांनी कुणी असं म्हणालं. म्हणून मी मुंबैला येतो.

एकच अर्ज हाय. बोलायचं तितकं बोलीन. पर बाटली-गिलासापाशी माझी ड्यूटी लावू नगा. मला दाराकडंला खुर्ची द्या.

तिला मी सांगतो माझ्या परीनं. लहानथोरांस रामराम. पाव्हण्यावर लोभ हाय, तो दिसला.

कृष्णात

&nbsp;

श्री

कुंडल,
ता. ६ एप्रिल १९७४

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

तू सांगूनही मी दाजींना लिहिलं, याचा राग आता सोड. काम झालं. पन्नास घरांचं पीक एका माणसाच्या जिभेवर होतं आणि ती जीभ चालली.

सचिवालयात उपमंत्र्यांच्या खोलीत आम्हाला बसवलं. दाजींनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता, छातीवर पदकं. मी त्यांना दाराजवळचीच खुर्ची दिली होती. उठून उभे राहिले आणि काय बोलले म्हणून सांगू. म्हणाले, साहेब, मी रम प्यालोय, हातभट्टी प्यालोय आणि दोन्ही सोडलीय. दारू काय असती हे या खोलीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक न्हाई. कुणाला काय द्यायचं आन कुणाला न्हाई, ते गुत्तेवाला बघत न्हाई, गावचा दुकानदार बघतो.

मग उपमंत्री हसून म्हणाले, हवालदार एवढे जाणकार आहेत, तर त्यांनीच चव घेऊन सांगावं, ही दारू का सरबत. परवानगी काढून पुण्यात करवून घेतलेल्या नमुन्याच्या बाटल्या टेबलावर होत्याच. पेला त्यांच्यापुढं आला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळे बघत होते. मी मान डोलावली. त्यांनी घेतली आणि म्हणाले, ही दारू न्हाई साहेब. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेपरवाल्यानं फोटोही काढला.

सरकार समिती नेमणार आहे. ती साताऱ्याला आणि सांगलीला फिरून लोकांचं ऐकणार आणि मग कायद्यात बदल. उरलेल्या दोन बाटल्या मी दाजींना दिल्या, दुकानात दाखवायला म्हणून. परतीच्या गाडीत ते बोलले नाहीत. दमले असावेत.

वहिनी म्हणते, आता वन्संच्या नवऱ्याचा फोटो भिंतीवर लावायचा. एका घोटानं काही होत नाही, शालू. मन मोठं कर आणि भावावरची माया कमी करू नकोस.

हंबीरराव

&nbsp;

श्री

खंडाळा,
ता. ३० जून १९७४

ति. दादांस नमस्कार.

तुमची मधली तीन पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसले की काय लिहीन याची भीती वाटत होती.

हे मुंबईहून आले ते हसत आले. बाटल्या घरी आणल्या नाहीत, दुकानात फळीवर ठेवल्या. मला म्हणाले, आता भ्या गेलं, मी घेतली आन मला काय बी झालं न्हाई. चार दिवस मलाही वाटलं, दादाचंच खरं असेल. मग एक बाटली अर्धी दिसली. मी विचारलं, तर म्हणाले, गिऱ्हाइकाला चव दाखवली. मग दुसरी गेली. म्हणाले, हा रस हाय, दादांनीच म्हटलंय, सरकारनं बी म्हटलंय. मी काही बोलले की ते पेपरातला फोटो काढून दाखवायचे.

रस संपला. फळीवर दुसरा कुठून येणार? मग स्टँडवरचं दुकान होतंच. एके दिवशी बाजाराच्या गर्दीत हे त्याच्या दारातून बाहेर पडले. समोरून पोरी शाळेतून येत होत्या. धाकटी हाक मारणार होती, थोरलीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. हे मला पोरींनी सांगितलं नाही. ह्यांनीच सांगितलं, रडत रडत. दुसऱ्या दिवशी परत गेले.

आठ दिवसांमागं हे घरातून गेले. जाताना म्हणाले, तुझ्याम्होरं प्यायची लाज वाटती. तुमच्याकडं आले तर एक कार्ड टाका.

आणखी एक. तुमची समिती पुढच्या महिन्यात साताऱ्याला येणार आहे. इथल्या बायका जाणार आहेत आणि मीही जाणार आहे. तुमच्या विरुद्ध बोलेन. मागून कळण्यापेक्षा आधी सांगते.

वहिनीला नमस्कार.

शालू

&nbsp;

श्री

कुंडल,
ता. २२ सप्टेंबर १९७४

शालूस आशीर्वाद.

दाजी इथं सुखरूप आहेत असं कार्ड मी टाकलं होतं. तुझं उत्तर नाही. मागच्या पत्रात तू मला तुम्ही म्हणालीस. लहानपणापासून कधी म्हणाली नव्हतीस. वहिनीनं ते पत्र दोनदा वाचलं आणि माझ्यापुढं ठेवून आत गेली.

समितीचं कळलं. किराणा दुकानात वाइन नाही, कायदा आहे तसा राहणार. सांगलीला आम्ही एवढी माणसं बोललो, पण साताऱ्याच्या बैठकीत एका बाईनं सांगितलेलं त्यांच्या डोक्यातून गेलं नाही, असं आमचे आमदार म्हणाले. ती बाई कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मंडळातल्या लोकांना मात्र ठाऊक आहे. मला बघून ते बोलणं थांबवतात. त्यांच्यातला आप्पासो तोंडावर म्हणाला, अध्यक्षाला बहीण आवरली न्हाई, त्यानं सरकार काय आवरायचं. मी बाग तोडायला घेतलीय. तारा, खांब काढले. ऊस लावतो.

तू घरातलं दुःख चव्हाट्यावर नेलंस. माझ्याकडं आली असतीस तर मी काहीतरी केलं असतं. दाजींनी पेला घेतला तेव्हा त्यांचा हात मी धरला नव्हता. जाणता माणूस होता. सगळं माझ्या एकट्याच्या माथी मारू नकोस.

दाजी बागेतल्या खोपीत राहतात. सकाळी पाणी पाजायला हाताशी असतात, दुपारनंतर नसतात. वाडीवर हातभट्टी मिळते, तिकडं जातात. गेल्या आठवड्यात पाटात पडलेले सापडले. घरात या म्हटलं तर येत नाहीत. पोरंबाळं आहेत म्हणतात. मला त्यांच्याकडं बघवत नाही. तू येऊन घेऊन जा. आता तो माझ्या ताकदीतला माणूस राहिला नाही.

काही झालं तरी पाठची बहीण आहेस. मायेचं काय ते तू ठरव.

हंबीरराव

&nbsp;

खंडाळा,
ता. ४ ऑक्टोबर १९७४

दादा,

साताऱ्यात मी काय बोलले ते तुम्हाला आमदारांकडून कळलं. माझ्याकडूनही ऐका. मी तुमचं नाव घेतलं नाही. ह्यांचंही घेतलं नाही. मी एवढंच म्हणाले की, साहेब, ज्याला प्यायची आहे तो स्टँडवर जातोच. ज्यानं सोडली आहे त्याला जगात एक जागा अशी पाहिजे, जिथं मीठ-मिरची घ्यायला जाताना ती दिसत नाही. तेवढी एक जागा ठेवा. एक साहेब म्हणाले, बाई, नवऱ्याला आवर घाला, कायद्याला कशाला घालता. माझ्याबरोबरच्या बनाबाई उठून बोलणार होत्या, मी त्यांना खाली बसवलं.

तुमचा कायदा झाला नाही, हे खरं. पण स्टँडवरचं दुकानही बंद झालं नाही. बायका ते बंद करा म्हणायला गेल्या होत्या, त्याचं कुणी नावही काढलं नाही. म्हणजे माझ्या बोलण्यानं तुमची बाग गेली आणि माझं घर काही परत आलं नाही. मला त्यात आनंद झाला असं तुम्ही समजू नका. द्राक्षाचा वेल तोडताना तुमचा हात कसा चालला असेल, ते मला इथं बसून दिसतं. पण तुम्ही लिहिलंत, हात धरला नव्हता. खरं आहे. ह्यांनी तुमच्याकडं बघितलं होतं. नाही म्हणायला नुसती मान पुरली असती.

दुकान मी चालवते. पोती उचलायला शेजारचा जोतीराम येतो. पोरी शाळेतून आल्या की गल्ल्यावर बसतात. लोक आता मला विचारून जिन्नस घेतात.

ह्यांना न्यायला मी येते. शपथ घालायला आता कुठल्या देवापुढं नेणार नाही. बरे होतील म्हणूनही नेत नाही. पाटात पडलेला माणूस माझ्या पोरींचा बाप आहे, तो तुमच्या उसात मरू नये, एवढंच. ता. १३ च्या रविवारी सकाळच्या गाडीनं निघते, दुपारपर्यंत फाट्यावर उतरेन. त्यांना आदल्या रात्री काही मिळणार नाही असं बघा. आंघोळ घाला, दाढी करा, धुतलेला सदरा द्या. मी बांधावर उभी राहीन. चालत आले तर हात धरून नेईन. नाही आले तर गाडीची वेळ होईपर्यंत थांबेन आणि दुसऱ्या रविवारी परत येईन.

घरात येणार नाही. वहिनीला सांगा, माझ्यासाठी चहाचं आधण ठेवू नको.

लोभाचं काही लिहीत नाही.

शालू