पाडव्याची पहिली बंडी

पांढुर्णा
१४ ऑक्टोबर २०२५

चि. मालतीस,

छायाताईचा आशीर्वाद. इकडं सारे बरे आहेत, तुझ्या घरचेही असतीलच. तुमचा गडी कवडू खताची पोती घेऊन तिगावला येऊन राहिला, त्याच्या हाती चिठ्ठी देते. फोन केला नाही, कारण तू मधातच बोलतेस अन् माझं राहून जाते.

चिवडा झाला. शंकरपाळे कडक झाले. तुझे भाऊजी मुकाट्यानं खातात.

तुझ्या प्रवीणरावांनी पाडव्यासाठी बैलबंडीची चाकं धुऊन ठेवली, असं कवडू म्हणाला. ते ऐकून रात्रभर डोळा लागला नाही. माझे सासरे होते तेव्हापासून आमच्या जिनिंगमध्ये कापूस-खरेदीचा मुहूर्त तुमच्याच बंडीनं होते. बंडीला हार, प्रवीणरावांना शेला-नारळ, अन् भाव बाजारापेक्षा चढा. यंदा काय करावं ते मला समजून नाही राहिलं.

बाजारात रोज नवी गोष्ट. आधी म्हणे अमेरिकेनं आपल्या कपड्यावर कर लावला. लावला तर लावला, मी कुठं अमेरिकेला लुगडी विकते? मग दिल्लीनं बाहेरच्या कापसावरचा कर काढला. आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. पुढं काय, कोणालाच ठाऊक नाही. मी व्यापाऱ्यांच्या मीटिंगमध्ये पुंडलिकरावांना विचारलं, "कर काढला, त चांगलंच ना?"

"गिरणीवाल्याले चांगलं, वहिनी. बाहेरचा कापूस त्याले सस्ता पडते."

"अन् आपल्याले?"

"आपण मधातले. मधातल्याले कोणी विचारते काय?"

हे आमचे अध्यक्ष! चहा पिऊन उठले सारे.

तुझे भाऊजी रोज मशीनला तेल घालून राहिले. म्हटलं, "तेलानं कापूस येते का?" तर म्हणे, "थांबून पाहू." त्या माणसानं लग्नातही थांबूनच पाहिलं होतं.

मी नाही थांबली. आता खरं लिहिते. शेड रिकामी नाही, मालती. बोरगावकडच्या एका सूतगिरणीला कापसाच्या गाठी ठेवायला जागा पाहिजे होती, मी देऊन टाकली. तुझ्या भाऊजींना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. गाठी आफ्रिकेच्या आहेत. तुमची बंडी जिथं खाली होते, तिथंच छतापर्यंत रचल्या आहेत. एक गाठ कोपऱ्यात फाटली होती, त्यातून चिमूटभर काढून पाहिला. वाटलं, काही निराळा असेल. कापूसच आहे. तिकडंही कोण्या बाईनं वाकून वाकून वेचला असेल. आता राग तिचा करू, दिल्लीचा करू, का माझाच करू? काही कळत नाही.

म्हणून पाडव्याला बंडी आणू नका. उतरवायला जागा नाही, अन् आज बोललेला भाव उद्या मोडला तर तुझ्यासमोर कोणत्या तोंडानं उभी राहू? प्रवीणरावांना सरकारी खरेदीत नाव टाकायला सांग. मोबाईलवरच होते म्हणतात. "ताईचं जिनिंग असून आम्ही लाइनीत लागावं?" असं म्हणतील. म्हणू दे. तू मात्र मधात पडू नको, सारं माझ्यावर टाक.

मुहूर्त मोडणार नाही. पाडव्याला सकाळी मीच तिगावला येते, शेला-नारळ घेऊन. तुमच्या दारात बंडीला कुंकू लावते. भाव विचारू नका. अन् मग ती बंडी कोणाच्या फाटकात हाकायची, ते मी घरी परतल्यावर तुम्ही ठरवा.

कालपर्यंत जिनिंगची मालकीण, यंदा दुसऱ्याच्या गाठींची राखणदारीण,
तुझी छायाताई