केराची अभिवृद्धी

बोगादी, म्हैसूर
रविवार, सकाळ

ती. कमलिनीताईस,

उदयचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुझी शुगर आणि भाऊजींचा स्वभाव ही दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. निनाद आणि सूनबाई ईश्वरी दिवसभर आपापल्या कंपनीत असतात आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा त्याच कंपन्यांशी फोनवर बोलतात. चाळीसगाव सोडून आम्हाला दहा महिने झाले. उदय आता कानडी बोलतो का, असं तू विचारलं होतंस. बोलतो. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला, आणि निनादने तो तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच कळवतो.

आधी विभावरीचं सांगतो. गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. कुठे चाला, ते म्हणाले नाहीत. आमच्या रस्त्याच्या फुटपाथवरच्या अर्ध्या फरश्या उखडल्या आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांवर स्कूटरी उभ्या असतात. दोनदा ती कोपऱ्यापर्यंत गेली. दुसऱ्या वेळी एक मोटरसायकल तिच्या पदराला चाटून गेली, तेव्हापासून तिचं चालणं हॉल ते गॅलरी एवढंच उरलं. अगं, भाजी आणायला गेली की तिघींशी गप्पा आणि एकीशी भांडण करून येणारी बाई ही! इथे दिवसभरात ती काय ती कुकरशी बोलायची. ताई, मला तिची फार काळजी वाटत होती. (हे मी तिला बोलून दाखवलं नाही. आपली काळजी केलेली तिला खपत नाही.)

तर त्याच सुमारास मी मोबाइलवरून कानडी शिकायला घेतली. अक्षरं जुळवत दुकानांच्या पाट्या वाचू लागलो. एके दिवशी कोपऱ्यावरच्या खांबाला सरकारी नोटीस दिसली. अर्ध्या तासात मी तिचा मथळा वाचून काढला: 'केरे अभिवृद्धि, सार्वजनिक सभा'. म्हणजे केराची अभिवृद्धी! इथे आहे तोच केर उचलला जात नाही, आणि हे लोक तो वाढवण्यासाठी सभा घेतात, तीही आम्हाला विचारून! माझा संताप तुला ठाऊकच आहे. (घंटागाडीवाला रोज सकाळी 'कस, कस' असं ओरडतो. तो आपली खुशाली विचारतो अशा समजुतीने मी चार महिने त्याला गॅलरीतून 'उत्तम' म्हणत होतो. तिथेच मला शंका यायला हवी होती.)

सभा जवळच्याच शाळेत होती, म्हणून विभावरीलाही हळूहळू घेऊन गेलो. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली. सुष्मा नावाच्या तरुण इंजिनिअरबाई रजिस्टर उघडून बसल्या होत्या. लोकांनी फिरण्याखेळण्याच्या मोकळ्या जागेसाठी काय हवं ते सांगायचं, बाई ते लिहून घेणार, आणि त्यावरून यंदाचा निधी द्यायचा की नाही ते ठरणार. कोणी हरकत घेतली तर काम पुढच्या वर्षावर. हे सगळं त्यांनी कानडीतून सांगितलं. त्यामुळे मला ते नंतर कळलं.

सगळ्यांत आधी मी उठलो. भाषण तीन दिवस पाठ केलं होतं. 'नमगे केरे बेडा', म्हणजे आम्हाला केर नको, अशी दणदणीत सुरुवात केली. सभा एकदम चिडीचूप. मला वाटलं, उच्चार जमला. मग सांगितलं की सुका केर वेगळा, ओला वेगळा, असे दोन भाग करा, रोज सकाळी सातला ट्रॅक्टर आणा, भरा आणि शहराबाहेर नेऊन टाका. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हे कसं जमायचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, चाळीसगावात रोज जमतं. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. फक्त मागून पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन कितीतरी वेळ हलवला. (ते प्लॉट विकतात.)

इतक्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या मानाजीरावांनी मला बाही धरून खाली बसवलं. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कानडीच जास्त. ते म्हणाले, ''अय्यो उदयराव, हे काय केलासा हो! केरे म्हणजे तळं! कचऱ्याला इथं कस म्हणत्यात. आपल्या मागचं तळं आहे की नाही, त्याच्या काठानं फिरायला वाट करणार म्हणून मीटिंग. तुम्ही तळं ट्रॅक्टरात घालून न्या म्हणलासा, गोत्ताय्ता?''

गोत्ताय्तु, ताई. चांगलंच कळलं. सुका तलाव वेगळा आणि ओला तलाव वेगळा करायला मी सांगितलं होतं, आणि सुष्माबाईंच्या रजिस्टरात माझी हरकत रीतसर नोंदली गेली होती. मी दाराकडे पाहिलं. विभावरीला शेजारणीने तोवर सगळं समजावलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बाहेर बघत होती. इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती.

मी पुन्हा उठलो. या वेळी सरळ मराठीत बोललो आणि मानाजीरावांनी त्याचं कानडी केलं. म्हटलं, माझी चूक झाली, हरकत खोडा. आम्हाला कमान नको, कारंजं नको. माझी बायको ऐंशी पावलं चालते आणि मग तिला बसावं लागतं. तळ्याच्या काठाने वाट करा आणि दर ऐंशी पावलांवर एक बाक ठेवा. बाईंनी मान वर न करता 'ऐंशी' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग पुढचे ते आजोबा उठले, त्यांना कठडा हवा होता. एकीने बायकांसाठी स्वच्छतागृह मागितलं, एकाने झोक्याजवळ सावली. तासाभरात रजिस्टरची सात पानं भरली. पांढरे कपडे कधी निघून गेले ते कोणी पाहिलं नाही.

मंजुरी अजून यायची आहे, पण येईल असं मला मनापासून वाटतं. तोवर मानाजीरावांनी युक्ती काढली आहे. संध्याकाळी पाच वाजले की जो तो घरची प्लास्टिकची खुर्ची घेऊन तळ्यावर येतो आणि आम्ही मातीच्या बांधावर ऐंशी ऐंशी पावलांवर खुर्च्या मांडतो. काल विभावरी तिसऱ्या खुर्चीवरून एका बाईशी चांगली कडकडून भांडली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

बाकी सर्व क्षेम. एवढ्या लांब येण्याची तुम्ही दगदग करू नये. भाऊजींना नमस्कार, काव्याला मामाचा आशीर्वाद.

तुझा,
उदय

ता. क. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सुष्माबाईंच्या ऑफिसचा माणूस बांधावर किती लोक फिरतात ते मोजायला येणार आहे. तिकिटं लगेच काढ. भाऊजी, काव्या आणि तिच्या सासूबाई, सगळ्यांना आण. तो माणूस चेहरे लक्षात ठेवत नाही अशी बातमी आहे, त्यामुळे प्रत्येकाने निदान दोन रंगांचे कपडे आणावेत.

ता. ता. क. वन्सं, नमस्कार. हे पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. मी आता सलग तीनशे पावलं चालते. ऐंशीवर बसते ती यांना धाप लागते म्हणून. यांना सांगू नका, आणि बाकं मात्र ऐंशीवरच राहू द्यात. – विभावरी