तारामाशाचा डबा

मुर्री,
३ डिसेंबर २००६

चि. चेतनास अनेक आशीर्वाद.

वि. वि. धानाची मळणी आटोपली. विज्ञानाच्या गुरुजींची जागा रिकामीच आहे, म्हणून मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेच्या या रिटायर शिपायाला नववीपुढे उभं केलं. बरण्या पुसता पुसता जेवढं वाचलं, तेवढं सांगतो. सध्या कंटकचर्मी प्राणी चालू आहेत. तारामाशाला डोकं नाही, तोंड पोटाखाली, हात तुटला तर नवा फुटतो, असं सांगितलं की पोरं हसतात. वर्गातली रविता म्हणाली, असला मासा बोदलकशाच्या तलावात कोणाच्याच जाळ्यात आला नाही. मी तरी कुठे समुद्र पाहिला? शेजारचा टेकचंद कोकण पाहायला तिकडे येऊन राहिला आहे, त्याच्या हाती एक जिता तारामासा धाड.

आणि बाई, बदलीच्या फॉर्मचं काय? शेवटची तारीख ३१. तिकडे नोकरीला लागून पाच वर्षं झाली. तुझी आई दर दिवाळीला तुझ्या वाट्याच्या करंज्या राखते, आणि खवट झाल्या की गाईला घालते.

लोभ आहे, आता तो जवळून करू दे.

तुझा बाबा,
नंदलाल


रत्नागिरी,
१४ डिसेंबर २००६

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

टेकचंददादाजवळ डबा देत आहे. पाणी समुद्राचंच आहे. तारामासा माझ्या पोरांनी ओहोटीला खडकातून काढला. आमचा वर्ग तिथेच भरतो, घोटाभर पाण्यात. परवा एकीने साळिंदरासारखा काटेरी गोळा तळहातावर धरला. काटे हळूच हलले, आणि चाळीस पोरं एकदम गप्प झाली. माझ्या ओरडण्याने कधी झाली नव्हती.

फॉर्म सही करून सोबत जोडला आहे. तो तुम्हीच नेऊन द्या, माझ्या हाताने टाकवत नाही. आईला सांगा, यंदाच्या करंज्या गाईला घालू नकोस.

पायांशी जागा राखावी.

आपली,
चेतना


मुर्री,
२० डिसेंबर २००६

चि. चेतनास आशीर्वाद.

वि. वि. तारामासा जिवंत पोचला. काचेच्या भांड्याला पाय रोवून बसला. पोरांनी खालून त्याचे शेकडो बारीक पाय मोजायला घेतले, दर वेळी मोजणी चुकली. पण पाण्याला वास सुटला होता. मला दया आली. आपल्या विहिरीचं पाणी काढलं, गाळलं, त्याला दिलं. घंटा व्हायच्या आत त्याचे हात ढिले पडले. रविता रडत म्हणाली, 'आपलंच गोड पानी त होतं जी, मंग कायले मेला?'

पुस्तक उघडलं. या जातीचा एकही प्राणी गोड्या पाण्यात जगत नाही, असं तिथे लिहिलेलंच होतं. इतके दिवस शिकवलं, पण ती ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. पोरांना खरं सांगून टाकलं की मीच मारला, मायेनं मारला.

फॉर्म परत धाडत आहे. आईला सांगितलं. तुझा डबा तिने तीनदा घासला, नव्या करंज्या तळल्या आणि त्यात भरल्या. डबा परत द्यायला आता आम्ही दोघंच तिकडे येऊन राहिलो. ओहोटी किती वाजता असते, तेवढं कळव.

लोभ आहेच, तो खाऱ्या पाण्यातही टिको.

तुझा बाबा,
नंदलाल