सांता किटेरियाचा बाक

रेग्ला, १२ मार्च

प्रिय लेओ,

तुझी मायलीन मंगळवारी बाबांचा बाक न्यायला आली आणि दारातच तिनं विचारलं, "आत्या, हा खरंच युद्धनौकेचा आहे का?" या प्रश्नाला मी एकदा चुकीचं उत्तर दिलेलं आहे. दुसऱ्यांदा देणार नाही, म्हणून हे पत्र.

तो दिवस तू विसरला नसशील. बाबा दारात बाकावर बसून डॉमिनो खेळत होते आणि शंभराव्यांदा सांता किटेरिया या युद्धनौकेची गोष्ट सांगत होते. हवानाच्या गोदीत बांधलेली, सत्तर तोफांची. इंग्रजांशी दोनदा भिडली, वादळात डोलकाठी गमावून रखडत घरी आली, आणि म्हातारी झाल्यावर इथेच तोडली गेली. तोडणाऱ्यांत बाबांचे खापरपणजोबा होते, हे लाकूड त्यांनी आणलं. मी नुकतीच गोदीची जुनी कागदपत्रं वाचून आले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, ती नौका सीडरची होती. हा पाइन आहे. कुठल्या तरी मासळीच्या खोक्याची फळी असेल."

शेजारचा रेमिहिओ केवढ्यानं हसला! "काय हो कप्तान, तुमच्या नौकेतून सुकी मासळी यायची वाटतं?" बाबांनी हातातली सोंगटी पालथी ठेवली. "पोरगी शिकलेली आहे, तिला ठाऊक असणार," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला बाक परसात ठेवायला सांगितला. त्यावर कोंबड्या बसू लागल्या. ती गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. दोन वर्षांनी बाबा वारले. त्यांना मातीत पोचवून तू सिएनफ्वेगोसला राहायला गेलास, आणि माझ्याशी बोलणं टाकलंस.

मायलीनला दोन दिवस थांबवलं आणि बाक घासला. घाण निघाल्यावर दिसलं, की त्याची एक बाजू गोलसर आहे आणि तिच्यावर गंजाचा काळा पट्टा आहे, चार बोटं रुंद. मी पुन्हा कागद काढले. तेव्हा फक्त सांगाड्याचे वाचले होते. सांगाडा सीडरचाच. पण डोलकाठी सीडरची करत नाहीत, लेओ. ती वाऱ्यात मोडेल. रेग्लातल्या कुठल्याही सुतारानं हे सांगितलं असतं. होड्यांच्या फटी बुजवण्यात जन्म गेलेल्या बाबांनीही सांगितलं असतं, मी विचारलं असतं तर. वादळानंतरची नवी डोलकाठी मेक्सिकोच्या पाइनची, तुकडे जोडून लोखंडी कड्यांनी आवळलेली. कड्यांची रुंदी लिहिलेली आहे: चार बोटं.

यानं सगळं सिद्ध होत नाही. पण ज्या जोरावर मी बाबांना गप्प केलं, तो जोर खोटा होता. त्यांना हे तेव्हाच माहीत असणार. मग बोलले का नाहीत? मला वाटतं, चारचौघांत मुलीला खोटं पाडणं त्यांना जमलं नाही. मला मात्र ते सहज जमलं होतं.

बाक तुझ्या दारात ठेव, परसात नको. येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्ट सांग, डोलकाठीसकट. त्यावर दोन माणसं बसतात. माझे गुडघे अजून बसचा प्रवास सोसतात. एकदा ती गोष्ट मला ऐकायची आहे, मध्ये न बोलता. बोलावशील?

तुझीच,
तेन्सा

मायलीनच्या हाती दिलं: बाक एक, घासलेला, गंजाचा पट्टा पुसू नये. बाबांचा लाकडी हातोडा. डोलकाठीच्या कागदाची नक्कल. आणि हे पत्र, पाकीट न चिकटवता. तिनं वाटेत वाचावं.